सिस्टरांची बडीशेप

सिस्टर कुणाच्याही घरी गेल्या की पहिल्यांदा हात धुवायला पाणी मागत. साबण त्यांचा स्वतःचा असे. पर्समध्ये एक छोटी पत्र्याची डबी, तिच्यात कापून अर्धी केलेली लाल साबणाची वडी. मोरीत उभ्या राहून कोपरापर्यंत हात धुवायचे, तेही घाई न करता. मग पदराला न पुसता हात तसेच हवेत धरून बाहेर यायचं आणि म्हणायचं, "हं, कुठंय बाळ?" नाशिकरोडच्या आमच्या कॉलनीतली निम्मी मुलं त्या हातांनी या जगात आणली होती. नगरपालिकेच्या प्रसूतिगृहात त्या नर्स होत्या. त्यांचं खरं नाव मला वर्षभरानं त्यांच्या रेशनकार्डावर वाचून कळलं. तोवर त्या सगळ्यांसाठी सिस्टर आणि त्यांचं घर म्हणजे सिस्टरांचं घर.

यजमान रेल्वेत होते, भुसावळला. महिन्यातून दोनदा येत, अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचत आणि सोमवारी पहाटे निघून जात. मूलबाळ नव्हतं. माहेर चांदवडजवळच्या एका खेड्यातलं. एरवी बोलणं अगदी शहरी, पण रागावल्या किंवा फार खूश झाल्या की "लय" आणि "नाय" बाहेर पडायचं.

त्यांच्या घराच्या कडेला एक चिंचोळी पट्टी होती. खाटेएवढी रुंद, चार खाटांएवढी लांब. कॉलनीत बाकी सगळ्यांच्या दारात तुळस, जास्वंद, मोगरा, फार तर कढीपत्ता. सिस्टरांच्या पट्टीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बडीशेप.

मी लग्न होऊन आले ती पंचाहत्तर सालच्या थंडीत. महापालिका वगैरे तेव्हा काही नव्हतं. आमचे हे कचेरीत कारकून, मी प्राथमिक शाळेत शिक्षिका. शेजार नवा, ओळख करून घ्यावी म्हणून एका रविवारी कुंपणाशी उभी राहून मी म्हटलं, "सिस्टर, शेपू काय सुंदर आलाय हो तुमचा!"

त्यांनी वळून पाहिलं. "शेपू असता तर एव्हाना भाजी होऊन पोटात गेला असता. ये आत. हात धुतलेस? मग चुरगळून बघ."

मी ते हिरव्या धाग्यांसारखं पान बोटांत चुरगळलं आणि मिठाईच्या दुकानात शिरल्यासारखा वास आला. सिस्टर हसल्या. "चल, चहा घेऊ."

मी पटकन म्हणाले, "नको, आत्ताच घेऊन आले."

आमच्या कॉलनीत हे वाक्य सगळ्या बायकांना पाठ होतं. सिस्टर बौद्ध होत्या. हे कुणी मोठ्यानं बोलत नसे, वाईट तर मुळीच बोलत नसे. सगळ्याजणी आपलं "आत्ताच घेऊन आले" एवढंच म्हणत. मी सटाण्याकडच्या शेतकरी घरातली सून. गावाहून सासूबाई आल्या की मी कुणाकडे काय खाल्लं-प्यायलं याची चौकशी होणार, हे माझ्या डोक्यात होतं. त्या दिवशी ओट्यावरच्या फडताळात बडीशेपेची बशी दिसत होती. मला वाटलं, निदान ती तरी पुढे करतील. त्यांनी बशीवर झाकण घातलं आणि म्हणाल्या, "बडीशेप खाण्यानंतरची. आधी काहीतरी पोटात जाऊ दे. आमच्याकडे आधी चहा, मग बडीशेप." मनात म्हटलं, काय बाई चिकट आहे ही.

तो त्यांचा नियम होता आणि तो कुणासाठीही मोडत नसे. कॉलनीतल्या बायका त्यावरून हसत. "सिस्टरांच्या बडीशेपेला फी आहे," असं एक वहिनी म्हणायच्या. पण ती बडीशेप ज्यांनी खाल्ली ते बाजारातली विसरत. हिरवीगार, बारीक, तोंडात टाकली की साखर घातल्यासारखी.

दुसऱ्या वर्षी मला दिवस गेले. माझी आई नव्हती, त्यामुळे बाळंतपण नाशिकलाच होणार होतं. मी शाळेतून येता-जाता सिस्टर मला हटकायच्या, पाय सुजलेत का बघायच्या. एका दुपारी उन्हातून येताना मला भोवळ आल्यासारखं झालं आणि मी सरळ त्यांच्या पायरीवर बसले. त्यांनी चहा आणून समोर धरला. मी काही न म्हणता प्यायले. मग बशी आली. मी चिमूटभर घेतली, त्यांनी ती मूठभर केली. त्या दिवसापासून शाळा सुटली की माझा अर्धा तास त्यांच्या पट्टीत जाऊ लागला.

बडीशेप कशी वाढवतात ते मी तिथं शिकले. दसरा उलटला की सिस्टर माती उकरायच्या. आपली काळी माती, सुकली की दगड. तिच्यात त्या नदीची रेती आणि चाळलेलं शेणखत मिसळत. बी आदल्या दिवशी भिजत घालायचं, बोटाच्या पेराएवढी रेघ ओढायची, बी सोडून वरून नुसती माती भुरभुरायची. पाणी डालड्याच्या डब्याला खिळ्यानं भोकं पाडून. रोपं वीतभर झाली की विरळणी. हे काम मला जिवावर यायचं. जोमदार रोपं उपटून टाकायची म्हणजे काय! सिस्टर म्हणत, "आमच्या वॉर्डात एका खाटेवर दोन बाळंतिणी ठेवतात. दोघींची झोप होत नाही. उपट." रोपं खांद्याएवढी वाढली की वाऱ्यानं लवू नयेत म्हणून बांबूच्या काड्या लावायच्या आणि जुन्या सुती पातळाच्या पट्ट्यांनी बांधायचं. ते बांधणंसुद्धा मनगटाला बँडेज बांधावं तसं, आठच्या आकड्यात. खोडाला काच पडता कामा नये.

जानेवारीत पिवळ्या फुलांच्या छत्र्या उघडायच्या आणि मधमाश्यांनी ती पट्टी गुणगुणत राहायची. पण खरा कस त्यानंतर. एका झाडावरच्या सगळ्या छत्र्या काही एकदम तयार होत नाहीत. मधली आधी, कडेच्या मागाहून. दाणा भरला पण अजून हिरवा आहे, अशा दोन-तीन दिवसांतच ती छत्री कात्रीनं कापायची. लवकर कापली तर दाणा पोकळ, उशीर केला तर जाड आणि चोथट. म्हणून महिना-दीड महिना रोज सकाळी ड्यूटीला जाण्याआधी सिस्टर कात्री घेऊन झाडांमधून फिरत, वॉर्डात फेरी मारावी तशा. कापलेल्या छत्र्या मागच्या पडवीत खाटेवर पांढऱ्या धोतरावर पसरायच्या. उन्हात नाही, सावलीत. "उन्हात टाकलीस की पिवळी पडते आणि वास उडून जातो," त्या सांगायच्या. "हिला नुसतं वारं पाहिजे."

मंजू झाली ती सिस्टरांच्याच हातावर. बाळंतपणासाठी सासूबाई गावाहून आल्या होत्या. उंच, सडसडीत बाई, बोलणं अहिराणी, सगळा जन्म शेतात गेलेला. घरी आल्यावर चौथ्या दिवसापासून मंजू पोट धरून रडायला लागली. सासूबाईंनी घुटी उगाळायला घेतली तेवढ्यात सिस्टर आल्या. हात धुतले, बाळाचं पोट चाचपलं आणि म्हणाल्या, "आजी, दुधाशिवाय हिच्या तोंडात काही घालायचं नाही. बडीशेप हिची आई खाईल, जेवण झाल्यावर, दोन वेळा." आणि कागदाची पुडी माझ्या उशाशी ठेवली. सासूबाईंना ते आवडलं नाही. सिस्टर गेल्यावर त्या म्हणाल्या, "हाई काय डागदरीन शे?" पण घुटीची सहाण परत फडताळात गेली. चार दिवसांनी मंजू शांत झोपू लागली. तो पुडीचा गुण की दिवसांचा, मला सांगता येणार नाही. सासूबाई मात्र मुकाट्यानं रोज जेवणानंतर ती पुडी माझ्यापुढे सरकवत.

पुढची गोष्ट सांगायला मला अजून जड जातं.

बारशाला कॉलनीतल्या सगळ्या बायकांना दुपारी जेवायला बोलावलं होतं. यादी करताना मी सिस्टरांचं नाव घेतलं तर सासूबाई म्हणाल्या, "तिले पाच वाजता बोलाव." पाच वाजता म्हणजे पंगती उठल्यावर. मी आमच्या यांच्याकडे पाहिलं, ते खिडकीबाहेर पाहू लागले. मी सिस्टरांच्या घरी गेले आणि म्हणाले, "सिस्टर, उद्या बारसं आहे. पाच वाजता या हं नक्की." त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "येते."

दुसऱ्या दिवशी त्यांची सकाळपाळी होती. दोन वाजता त्या परत आल्या तेव्हा आमच्या दारात चपलांचा ढीग होता, बायका विडे चघळत बाहेर पडत होत्या. मी खिडकीतून त्यांना जाताना पाहिलं. त्यांनी मान वर केली नाही.

बरोबर पाचला त्या आल्या. पांढरी साडी इस्त्री केलेली. मोरीत जाऊन हात धुतले. मंजूला मांडीवर घेतलं, स्वतः शिवलेलं झबलं तिच्या अंगावर ठेवलं, कानशिलावरून बोटं मोडली. मी चहा आणला. कप त्यांच्यापुढे धरला. त्यांनी माझ्याकडे न बघता मंजूला पाळण्यात ठेवलं.

"नको," त्या म्हणाल्या, "आत्ताच घेऊन आले."

त्यानंतर महिनाभर त्या आमच्याकडे येत राहिल्या, पण फक्त मंजूचं वजन बघायला, नर्स म्हणून. काटा आणायच्या, आकडा सांगायच्या, जायच्या. फेब्रुवारी आला. कुंपणापलीकडे त्या कात्री घेऊन फिरताना दिसायच्या. मंजू व्हायच्या आधी त्या मला हाक मारत, "सुमन, ये गं, जरा हात लाव." आता हाक आली नाही. झाडं दाण्यांनी वाकली होती, एकट्या माणसाचं ते काम नव्हतं, आणि मी आमच्या ओट्यावर बसून ते बघत होते. माझं कशात लक्ष लागेना. रात्री मंजूला पाजताना रडू यायचं.

एका रविवारी सकाळी मंजूला सासूबाईंजवळ दिलं, शिवणाची कात्री घेतली आणि त्यांच्या फाटकातून आत गेले. नळावर हात धुतले. सिस्टर खाली मान घालून छत्र्या कापत होत्या. मी म्हटलं, "सिस्टर, चुकलं माझं."

"हो," त्या म्हणाल्या. "चुकलं."

मी तशीच उभी. त्यांनी दोन छत्र्या कापून टोपलीत टाकल्या. मग म्हणाल्या, "पलीकडची ओळ घे. कडेच्या छत्र्या तोडू नको, दाणा भरला नाय अजून."

ऊन वर येईपर्यंत आम्ही कापत होतो. नंतर पडवीत बसून धोतरावर छत्र्या पसरताना त्यांनी आपण होऊन सांगितलं. तोवर कधी कुणाला सांगितलं नसावं.

"इथं राहायला आले तेव्हा मी बडीशेप बाजारातून आणायचे. बायका यायच्या, कुणाला पाळी चुकली म्हणून विचारायचं, कुणाचं पोर आजारी. चहा कुणी घेत नसे. मग मी बशी पुढे करायचे. कोरडी वस्तू, ती सगळ्या घ्यायच्या. मला बरं वाटायचं. म्हटलं, चला, एवढं तरी घेतात. दिवाळीनंतर एकदा फाटकाबाहेर, गटाराच्या कडेला, बारीक बारीक रोपं दिसली. मला वाटलं गवत आहे. उपटायला वाकले आणि बोटांना वास आला."

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. बायका त्यांच्यासमोर बडीशेप मुठीत घेत आणि फाटकाबाहेर पडल्या की मूठ उघडत.

"मग काय केलंत?"

"काय करणार? ड्यूटी होती, ड्यूटीला गेले. संध्याकाळी आले, खुरपं घेतलं आणि एकेक रोप मातीसकट काढून आत आणून लावलं. अर्धी मेली. हिचं मूळ सरळ खाली जातं, हलवलेलं सोसत नाही. उरली त्यांचं बी धरलं. ते हे." त्यांनी धोतरावरच्या छत्र्यांवरून हात फिरवला. "तेव्हापासून चहाशिवाय बडीशेप नाही."

त्या बायका कोण, हे त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मंजूच्या बारशाला जेवून गेलेल्यांतल्याच काही असणार. त्यांची बाळंतपणंही सिस्टरांनीच केली होती. मी विचारलं, "राग येत नाही तुम्हाला?"

"येतो की. लय येतो. म्हणून तर तुला महिनाभर हाक मारली नाय." आणि उठून चहा ठेवायला गेल्या.

सासूबाईंची गोष्ट वेगळ्याच वाटेनं गेली. सासरे वारल्यावर त्या आमच्याकडेच राहायला आल्या. शेत सुटलं, पण शेताची नजर सुटली नाही. दिवसभर ओट्यावर बसून त्या सिस्टरांच्या पट्टीवर लक्ष ठेवायच्या आणि मला सांगायच्या, पाणी जास्त झालं, खत कमी पडलं. एका जानेवारीत चार दिवस ढगाळ हवा आली आणि छत्र्यांवर मावा पडला. काळपट चिकट कीड, सगळी फुलं शोषून घेते. सिस्टरांनी दुकानातून औषधाची बाटली आणली. सासूबाईंना राहवेना. कुंपणाशी जाऊन त्यांनी पहिल्यांदाच सिस्टरांना हाक मारली.

"ओ बाई, मावा पडेल शे. राख टाक."

"औषध आणलंय, आजी."

"औषध मारशी आन् तेच खाशी?"

सिस्टरांचा हात थांबला. मग त्या मोठ्यानं हसल्या. "बरोबर आहे आजी तुमचं. मी नर्स असून माझ्या लक्षात आलं नाय."

दुसऱ्या दिवशी पहाटे दव असताना सासूबाई फडक्यात चाळलेली राख घेऊन त्यांच्या फाटकातून आत शिरल्या आणि एकेका छत्रीवर फडकं झटकत गेल्या. आठवडाभर रोज. मावा गेला. तेव्हापासून दर थंडीत त्या पट्टीत सासूबाई असायच्याच. उकिडव्या बसून खुरपायच्या, विरळणी करायच्या, सिस्टरांना दटावायच्या. काम झालं की नळावर हात धुवायच्या आणि घरी यायच्या. पायरी मात्र कधी चढल्या नाहीत. सिस्टरांनीही कधी "या" म्हटलं नाही. अशी चार वर्षं गेली.

एका मार्चमध्ये शेवटची कापणी चालली होती. मी शाळेतून परतले तर पलीकडच्या वहिनी धावत आल्या. "अहो, तुमच्या सासूबाई सिस्टरांच्या खाटेवर झोपल्यात!" मी पळत गेले. उन्हात उठताना त्यांना चक्कर आली होती. सिस्टरांनी धरून आत नेलं होतं, कपाळावर ओलं फडकं, हातात तांब्या. साखर-मिठाचं पाणी घोटघोट पाजत होत्या, आणि सासूबाई डोळे मिटून पीत होत्या.

त्यांना घरी निजवून मी परत सिस्टरांकडे गेले. मला भरून आलं होतं. म्हटलं, "सिस्टर, आज त्या तुमच्या हातचं पाणी प्यायल्या!"

सिस्टर चिडल्याच. "चक्कर आलेल्या पेशंटला पाणी पाजलं. यात काय विशेष? पुरत्या शुद्धीत नव्हत्या त्या."

दोन दिवस सासूबाई पडून होत्या. तिसऱ्या दिवशी चार वाजता त्यांनी लुगडं नीट केलं, केस विंचरले आणि काठी टेकत निघाल्या. मी ओट्यावरून बघत होते. त्या पट्टीत गेल्या नाहीत. सिस्टरांच्या पायऱ्या चढून पडवीतल्या पाटावर जाऊन बसल्या. सिस्टर आत वेणी घालत होत्या. त्यांनी पाहिलं, पण वेणी पुरी होईपर्यंत बाहेर आल्या नाहीत. सासूबाई बसून राहिल्या. मग सिस्टर आल्या.

"चहा ठेवू, आजी?"

"ठेव. साखर कमी टाक."

त्यानंतर रोज चारला त्या तिथं जाऊ लागल्या. तो चहा अर्धा तास चालायचा. एकीची अहिराणी, दुसरीची मराठी. काय बोलायच्या कोण जाणे. घरी येताना सासूबाईंच्या तोंडाला बडीशेपेचा वास यायचा.

सिस्टर निवृत्त झाल्या आणि यजमानांनी भुसावळला घर बांधलं होतं तिकडे जायला निघाल्या. त्यांना निघताना बघायला कॉलनीतल्या बऱ्याच बायका फाटकाशी जमल्या होत्या, काहींच्या डोळ्यांत पाणी होतं. सासूबाईंनी सकाळी उठून स्वतः भाकरी थापल्या होत्या. रिक्षात बसलेल्या सिस्टरांच्या मांडीवर भाकरी-ठेच्याचं गाठोडं ठेवत त्या म्हणाल्या, "गाडीमा खाय ले." सिस्टरांनी त्यांचा हात धरला तो रिक्षा हलेपर्यंत सोडला नाही. त्या घरात नवा भाडेकरू आला. त्यानं स्कूटर ठेवायला त्या पट्टीवर फरशी घातली. मी गच्चीवर कुंड्यांत बडीशेप लावून पाहिली. झाडं आली, दाणा धरला नाही.

तीन वर्षांनी डिसेंबरात पोस्टकार्ड आलं. यजमानांच्या अक्षरात चार ओळी. सिस्टर झोपेतच गेल्या होत्या. पत्र आलं तेव्हा सगळं उरकून आठवडा झाला होता. सासूबाईंना तोवर ऐकू कमी यायचं. मी त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं. त्यांनी मला पुन्हा सांगायला लावलं. मग भिंतीला धरून उठल्या, स्वयंपाकघराच्या दारात जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "आज चुल्हा पेटाडू नको."

घरचं माणूस गेलं की चूल पेटवत नाहीत, शेजारचे जेवण आणतात. मी गॅसला हात लावला नाही. मंजूला दूध दिलं, आमचे हे आले, तेही बसून राहिले. दिवेलागणीला पलीकडच्या वहिनी वाटीभर साखर मागायला आल्या. अंधारं स्वयंपाकघर आणि दारात बसलेल्या सासूबाई पाहून घाबरल्या.

"काय झालं हो आजी?"

"मनी बहीन गई."

"अगं बाई! कोण? सटाण्याची?"

सासूबाईंनी मान हलवली. "नई. याच गल्लीनी."

वहिनी दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. साखर न घेताच परत गेल्या. तासाभरानं आल्या तेव्हा त्यांच्या हातात ताट होतं. वर फडकं झाकलेलं, खाली गरम पिठलं आणि भाकरी. ताट सासूबाईंपुढे ठेवून त्या तिथंच, जमिनीवर, त्यांच्या शेजारी बसल्या.